दुसरा हात

घरी क्रीम करणं अजिबात अवघड नाही. तेल गरम करायचं, पाणी गरम करायचं, दोघांची गाठ घालून देणारं मेण टाकायचं आणि घुसळायचं. अर्ध्या तासात पांढरं काहीतरी तयार होतं आणि त्याला क्रीम म्हणायला कायद्याने कुणी अडवत नाही. खरा संसार त्यानंतर सुरू होतो. ते चिकटतं, नाहीतर ओघळतं, नाहीतर तोंडावर पांढऱ्या रेघा सोडतं. मग ‘जरासं घट्ट करू’, ‘जरासं हलकं करू’ असं म्हणत माणूस त्या ‘जरासं’मध्येच मुक्कामाला राहतो. यातून सुटलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्या साड्यांना फॉल लावणाऱ्या बाई आहेत, योगाच्या वर्गातल्या एक दातांच्या डॉक्टर आहेत. सगळ्यांच्या घरी काचेच्या बाटल्या, एक वजनकाटा आणि एक मनासारखं न उतरलेलं क्रीम आहेच. पण त्यांच्यातलं कुणी रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेलं नाही. ते भाग्य आमच्या घराला लाभलं.

नाना, म्हणजे माझे सासरे, उभी हयात रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत होते. समोरच्या माणसाशी बोलताना त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर असते. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांना आणि मला मिळून त्यांनी जेवढा वेळ दिला, त्याहून जास्त वेळ आमच्या बैठकीतल्या पोपडे धरलेल्या कोपऱ्याला दिला. निघताना वडिलांना म्हणाले, “मुलगी पसंत आहे. तेवढं प्रायमरचं बघा.” अशा माणसाच्या हाती क्रीम लागल्यावर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मूळ कारण माईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या टाचा. माईंचं माहेर कुडाळकडचं आणि तिकडे टाचांच्या भेगांवर एकच उपाय, कोकमतेल, बोलीत भिरंडेल. रातांब्याच्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर येणारं तेल काढून घ्यायचं. गार झालं की ते टणक होतं, म्हणून मुठीत मावतील असे त्याचे गोळे करून ठेवतात. हे तेल वितळायला साधारण ४० अंश लागतात, त्यामुळे डोंबिवलीत तो गोळा बारा महिने दगडच. माई तो पळीत घेऊन गॅसवर धरत, कढत तेल भेगेत सोडत, ‘स्स’ करत आणि मग मोजे चढवून घरभर घसरत. ते बघवेना म्हणून माझ्या नणंदेने पुण्याहून एक महागडी डबी आणली. साडेसहाशे रुपयांची. माईंनी बोट लावायच्या आधी नानांनी ती उचलली, चष्मा कपाळावर सरकवला, भिंग काढलं आणि पाठीमागचा बारीक मजकूर वाचायला घेतला.

“पहिलं नाव काय? पाणी. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी. साडेसहाशे रुपयांत!” मग ते एकदम खुर्चीत ताठ बसले. “अगं, ही तर सगळी आपली माणसं! प्रॉपिलीन ग्लायकॉल, हे आम्ही इमल्शनमध्ये टाकायचो, ब्रश लवकर सुकू नये म्हणून. टायटॅनियम डायऑक्साइड! पांढरा रंग म्हणजे दुसरं असतं काय? हा घट्टपणाचा डिंक, हे बुरशी न येण्याचं औषध.” डबी खाली ठेवून त्यांनी माईंच्या पायांकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या पायांत त्यांना भिंत दिसली. “हे घरी होईल,” ते म्हणाले.

सुरुवात त्यांनी सर्वांत जुन्या कृतीपासून केली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन नावाचा ग्रीक वैद्य होता. मधमाशीचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून पहिलं कोल्डक्रीम त्याने केलं, असं मानतात. अंगाला लावलं की त्यातलं पाणी उडून जायचं आणि गार वाटायचं. नानांनी ऑलिव्हऐवजी खोबरेल आणि कोकमतेल घेतलं. रात्री सगळं एकजीव दिसत होतं. सकाळी बरणीत मेण-तेल एका बाजूला, गुलाबपाणी दुसऱ्या बाजूला आणि दोघांचं बोलणं बंद. नुसतं मेण तेल-पाण्याला फार दिवस नांदवत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक त्यात टाकणखार घालू लागले. मेणातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की थोडा साबण तयार होतो आणि तो मध्यस्थी करतो. नाना सोनाराकडे टाकणखार आणायला पिशवी घेऊन निघालेही होते. पण सौंदर्यप्रसाधनांतल्या टाकणखारावर युरोपात बंधनं आहेत, असं त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी पिशवी खुंटीला लावली. ज्याला युरोप बिचकतो ते हिच्या टाचेला लावायचं नाही, असं ते म्हणाले. नानांच्या पत्नीप्रेमाचा इतका उघड पुरावा आम्ही त्याआधी पाहिला नव्हता.

मग कुरिअरने तयार इमल्सिफाइंग वॅक्स आलं. तेलाच्या वजनाच्या पाव हिश्शाने हे घ्यायचं, तेल आणि पाणी दोन्ही ७०-७५ अंशांवर आणायचं, ओतायचं आणि विरजण मोडल्यावर घुसळतो तसं न थांबता घुसळायचं. क्रीम झालं. फुटलं नाही, गळलं नाही. इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. नाना म्हणाले, “बेस तयार झाला. आता फिनिश.”

पहिला अभिप्राय माईंचा. त्यांनी बोटभर घेऊन तळहातावर फिरवलं आणि म्हणाल्या, “मेण जास्त झालंय.”

“कशावरून?” नाना.

“ओढतंय.”

नाना वहीत आकडे बघू लागले. माईंना वहीची गरज नव्हती, कारण त्यांचा या विषयातला अभ्यास नानांपेक्षा जुना निघाला. त्यांच्या लहानपणी टिकल्या नव्हत्या. फणीकरंड्याच्या पेटीत मेणाची डबी असायची. कपाळावर आधी मेणाचा गोल ठिपका, त्यावर पिंजर. मेण घट्ट झालं तर पिंजर धरत नसे आणि दुपारपर्यंत कपाळ रिकामं. सासू घरात असेल तर ती मोठी भानगड. मेण पातळ झालं तर चैत्रातल्या उन्हात कुंकू भुवईखाली उतरायचं आणि बाई हळदीकुंकवाला आली आहे की मारामारी करून, ते कळेनासं व्हायचं. म्हणून थंडीत मेणात खोबरेल जास्त, उन्हाळ्यात कमी, हे माईंच्या आजीला पाठ होतं. “पिंजर धरेल आणि बोट अडकणार नाही, इतकं मेण,” एवढंच त्यांचं प्रमाण. नानांनी त्याच्या बाजूला वहीत लिहिलं : मेण ६२-६४ अंशांना वितळतं, खोबरेल २४-२५ला, माणसाच्या कातडीचं तापमान ३२-३३. म्हणजे खोबरेल बोट लागताच पाणी होणार आणि मेण कितीही चोळा, ढिम्म हलणार नाही. घट्टपणा या दोघांच्या मधे कुठेतरी बसवायचा. हे लिहायला त्यांना एक पान लागलं. माई तोवर भाजी निवडून उठल्या होत्या.

मेण कमी केलं तेव्हा क्रीम लेचंपेचं झालं. त्याला अंग यावं म्हणून दोन पांढरे पदार्थ घरात आले. एक स्टिअरिक ॲसिड, जे मेणबत्तीतही असतं आणि क्रीमला कडक, कोरडा ताठपणा देतं. दुसरं सेटिल अल्कोहोल, जे ४९ अंशांच्या आसपास वितळतं आणि बोटाखाली रेशमी घसरतं. हे पूर्वी व्हेलच्या डोक्यातल्या तेलापासून काढत, आता बहुधा पाम तेलापासून. पाकिटावरचं नाव वॉचमनने वाचलं, वॉचमनने ते वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं आणि काका संध्याकाळी सहज म्हणून येऊन बसले. एरवी ते आमच्याकडे चहा घेतात. त्या दिवशी त्यांनी चहा नको म्हटलं आणि आशेने बसून राहिले. नानांनी त्यांच्यासमोर मेणाचे चुरे ठेवले आणि हे अल्कोहोल रसायनशास्त्राच्या हिशेबाने अल्कोहोल असलं तरी त्याने काही होत नाही, हे समजावून सांगितलं. काका लवकर गेले.

आता परीक्षा. मोठ्या कंपन्यांत क्रीम चोळून सांगायला शिकवून तयार केलेली माणसं असतात. मनगटाच्या वरती ठरावीक मापाचं वर्तुळ आखतात, त्यात मोजून क्रीम टाकतात, ठरलेल्या वेगाने बोट गोल फिरवतात. पसरलं कसं, किती फेऱ्यांत मुरलं, मुरल्यावर चिकट की तेलकट की मेणचट, सगळ्याला गुण देतात. आमच्याकडे या सगळ्या माणसांच्या जागी मी. बँकेत जायच्या घाईत नाना दारात उभे, हातात छोट्या डब्या. “अगं, हात आण. डावा. काल उजवा झाला.” मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने चौकोन आखायचे आणि प्रत्येकात वेगळा नमुना. “पहिला दहा मिनिटांनी बघ, टच ड्राय झाला का. तिसऱ्यावर दुसरा हात मारून बघ, गोळ्या सुटतात का.” काउंटरवर मी पासबुकं भरत असताना मधूनच हाताला बोट लावून बघायची आणि समोरचा खातेदार आपलं काही चुकलं का म्हणून सही तपासायचा. एकदा साहेबांनी विचारलं, “मॅडम, ॲलर्जीची टेस्ट आहे का?” सासरे आहेत म्हटलं, तर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. सहानुभूतीने मान मात्र हलवून गेले, म्हणजे त्यांच्याही घरी काहीतरी असणार.

खरी पारख मात्र आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असणाऱ्या माणसाला क्रीमकडून काय हवं असतं, ते त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगितलं नाही. नानांनी सुगंधी, हलका, झटकन मुरणारा नमुना दिला, तर दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “आजोबा, हे घरी बसणाऱ्याचं हाय. गेलं पाण्यासंगं.” मग मेणाचा आणि कोकमतेलाचा अंश वाढवलेला, जरा दाट नमुना दिला. “हे राहतंय. पण हे लावून मोबाइल हातात धरवंना. पोरीला फोन लावायचा तर बोट घसरतं, दुसऱ्यालाच लागतो.” नाना खूश झाले. कारखान्यात इतकी स्पष्ट तक्रार गिऱ्हाइकाकडून त्यांना कधी मिळाली नव्हती. चिकटपणा आणि तेलाची चमक मारायला त्यांनी आरारूट घातलं; पीठ तेल शोषतं आणि हात कोरडा वाटतो. मावशींनी पुढच्या नमुन्याला ‘बरं’ म्हटलं आणि आमच्या घरात ‘बरं’ हा त्यानंतर सर्वोच्च शेरा ठरला.

मग रवा पडला. बाहेरून गुळगुळीत दिसणारं क्रीम चार दिवसांनी बोटाला कणीदार लागू लागलं. चोळलं की कणी विरघळायची, पण नानांच्या दृष्टीने कण म्हणजे कण. त्यांनी कपाट उघडलं आणि मखमली पेटीतून हेगमन गेज काढला. हे रंगवाल्यांचं हत्यार : पोलादाची जाड पट्टी, तिच्यात एक चर, एका टोकाला १०० मायक्रॉन खोल आणि दुसऱ्या टोकाला शून्य. खोल टोकाशी रंग घालायचा, पोलादी पात्याने ओढत शून्यापर्यंत न्यायचा आणि तिरपं धरून बघायचं. कण जिथे वर डोकं काढतात तो त्यांचा आकार. चकचकीत इनॅमलचे कण दहा-पंधरा मायक्रॉनवर आणल्याशिवाय नाना डबा बाहेर जाऊ देत नसत. आता जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी, त्यांनी त्या चरात क्रीम भरलं आणि श्वास रोखून पातं ओढलं. पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. चरात अगदी सुरुवातीपासून ओरखडे. “शंभराच्या वर!” ते खचून म्हणाले. “हे तर रस्त्यावर पट्टे मारायला पण घेणार नाहीत.”

कारण त्यांनी शोधून काढलं : कोकमतेल, शिया बटर वगैरे घट्ट तेलांत निरनिराळ्या तापमानाला गोठणारी स्निग्धं एकत्र असतात. सावकाश गार झालं की जास्त तापमानाला गोठणारी आधी बाजूला होऊन सवडीने मोठे स्फटिक करतात. हे सगळं ते माईंना सांगत होते. माई तूप कढवत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, “म्हणजे तुपाला रवा धरतो तसंच ना? मग लवकर गार करा.”

नाना गप्प झाले. रवाळ तुपासाठी माई कढवलेलं तूप जाड पातेल्यात झाकून कट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवतात, कुणी हलवलं तर रागावतात. आणि एकदा घाईत ते फ्रिजमध्ये गेलं तेव्हा रवा न धरता सपाट गोळा झाला म्हणून आठवडाभर हळहळत होत्या. जो रवा यावा म्हणून त्यांनी आयुष्यभर धडपड केली, तोच येऊ नये म्हणून नानांची धडपड चालली होती, आणि दोन्हीची किल्ली एकाच ओट्यावर होती. त्या दिवसापासून क्रीम पूर्ण वितळवून, बर्फाच्या पाण्यात भांडं बुडवून, ढवळत ढवळत झटपट गार होऊ लागलं. गेजवर ओरखडे दिसेनासे झाले. फ्रिजमधला सगळा बर्फ मात्र क्रीमकडे गेल्यामुळे त्या उन्हाळ्यात पन्हं आम्ही कोमट प्यायलो.

पुढचं संकट पांढऱ्या रेघांचं. चोळताना फेस आल्यासारखा पांढरा थर दिसायचा आणि जिरायला वेळ लागायचा. स्टिअरिक आणि सेटिल जास्त झालं किंवा घुसळताना हवा भरली की असं होतं. माईंच्या मनात या बाबतीत एकच मापदंड होता, अफगाण स्नो. मुंबईच्या पाटणवालांचं ते स्नो त्यांच्या तरुणपणी घरोघरी होतं. लावलं की दिसेनासं होई आणि वर पावडर बसे. त्या जातीच्या क्रीममध्ये मुख्य माल स्टिअरिक ॲसिडचाच, त्याचा थोडा भाग अल्कलीने साबण करून घेतलेला. दिवस गेले की त्यावर मोत्याची झाक येते, तीही स्टिअरिकच्याच स्फटिकांची. माईंना झाक नको होती, दिसेनासं होणं हवं होतं. “लपवण्याची ताकद कमी कशी करायची?” नाना येरझारा घालत. आयुष्यभर त्यांनी ती वाढवायचा पगार घेतला होता. एका हातात भिंत झाकली जावी म्हणून. आता एका हातात काही झाकलं जाऊ नये म्हणून ते झुरत होते. शेवटी हँड ब्लेंडरचं पातं पृष्ठभागाखाली ठेवून चालवायचं, म्हणजे हवा शिरत नाही, एवढं जमलं. उरलेल्या रेघांवर उपाय होता सिलिकॉनचा. अर्धा-एक टक्का घातला तरी त्या जातात.

पण सिलिकॉन म्हटल्यावर नणंद उभी राहिली. तिला सगळं केमिकलशिवाय हवं होतं. पाणी हेही केमिकलच आहे, हे नानांनी सांगून पाहिलं; तिने ‘बाबा, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय’ या शस्त्राने ते परतवलं. तिचा मुख्य राग प्रिझर्व्हेटिव्हवर. “त्यापेक्षा व्हिटॅमिन ई घाला ना!” व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, पण बुरशीला ते अडवत नाही. नानांनी वाद घातला नाही. एक डबी तिच्या पद्धतीने, कोरफडीचा ताजा गर आणि व्हिटॅमिन ई घालून केली आणि कपाटावर ठेवली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा त्या डबीत हिरवी, काळी आणि एक फिकट गुलाबी अशी तीन प्रकारची वस्ती होती. नाना कौतुकाने बघत होते. “पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीवर येते ना, हुबेहूब तीच शेड.” नणंदेने त्यानंतर विषय बदलला आणि क्रीमला गुलाबाचा वास हवा असं म्हटलं. वास आणि प्रिझर्व्हेटिव्ह दोन्ही क्रीम ४० अंशांच्या खाली आल्यावर घालायचे असतात, त्यामुळे नानांनी ते एकदमच घातले, न बोलता.

ऋतूंचं तर विचारू नका. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात ज्या नमुन्याला नणंदेने ‘मऊ’ म्हटलं, तोच जुलैत डोंबिवलीच्या लोकलमध्ये माझ्या हाताला शेजारणीची ओढणी चिकटवून गेला. ग्लिसरीन कमी करून झँथन डिंकाने दाटपणा आणायचा प्रयत्न झाला. डिंक चिमटीने मोजायचा पदार्थ आहे. नानांचा हात बादलीच्या हिशेबाचा. डबीतून बोट वर घेतलं की क्रीमही तारेने वर येऊ लागलं आणि ते बघून माझ्या मुलाने शाळेच्या प्रदर्शनासाठी मागून नेलं.

यातलं काहीही घडत असताना वहीतली यादी वाढत होती. शेवटच्या नमुन्याच्या डबीवर नानांनी नियमाप्रमाणे सगळे घटक उतरत्या क्रमाने लिहिले. पहिलं पाणी. मग तेलं, इमल्सिफायर, सेटिल अल्कोहोल, स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरीन, आरारूट, झँथन, फिनॉक्सिइथॅनॉल, सुगंध आणि नणंदेच्या नकळत अगदी थोडं सिलिकॉन. माईंनी ती डबी आणि मूळची साडेसहाशेची डबी शेजारी शेजारी ठेवली, भिंग घेतलं, दोन्ही वाचल्या आणि काही न बोलता भिंग नानांच्या हातात दिलं.

त्याच सुमारास माईंनी स्वतःचं काम काढलं. दुपारच्या मालिकेच्या वेळी तांब्याची परात, तीत घरचं तूप, वर थोडं पाणी. तळहाताने गोल गोल फेसायचं, पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं, नवीन घालायचं. असं शंभर वेळा. आयुर्वेदात याला शतधौत घृत म्हणतात. भाजल्या-पोळल्यावर आणि अंगाची आग होत असेल तेव्हा लावतात. दोन-तीन भागांत मालिकेतल्या सुनेची पुरती वाट लागली आणि इकडे परातीतलं तूप पिवळं होतं ते पांढरं शुभ्र झालं, रवा मोडला, तुपाचा वास बराचसा गेला. त्यात इमल्सिफायर नाही, डिंक नाही, यादी दोन शब्दांची : तूप, पाणी. माईंनी बोटभर नानांपुढे धरलं. नानांनी आधी वास घेतला, मग हातावर ओढलं, मग जागेवरून उठून मखमली पेटी आणली. गेजवर पातं ओढलं. स्वच्छ. पुन्हा ओढलं. “व्वा,” ते म्हणाले आणि बराच वेळ ती पट्टी उजेडात धरून बसले. मावशींनी ते लावलं आणि म्हणाल्या, “हे लई बरं.” ‘बरं’च्या वर काही असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. नानांनी मात्र वहीत शेवटी एक त्रुटी नोंदवलीच : “मुंग्या.”

एवढ्यावर गाडी थांबेल, असं आम्हाला वाटलं होतं. माईंच्या टाचा एव्हाना बऱ्याही झाल्या होत्या. कशाने, यावर घरात दोन पक्ष आहेत. पण गेल्या रविवारी शेजारच्या काकूंची मुलगी आली. मे महिन्यात तिचं लग्न आहे, नागपूरला, दुपारचा मुहूर्त. म्हणाली, “नाना, मला लग्नासाठी क्रीम करून द्याल? ते दव पडल्यासारखं दिसतं ना हल्ली, तसं हवंय. चमक हवी, पण तेलकट नको.”

“सॅटिन,” नाना म्हणाले आणि वही उघडली. “नागपूर, मे महिना. म्हणजे ४५ धर. कोकमतेल उभं राहणार नाही, मेण वाढवायला लागेल. हॉलला एसी आहे?”

“आहे.”

“वरात उन्हातून?”

“हो.”

“म्हणजे बाहेर आणि आत दोन्ही सिस्टिम.” त्यांनी तिच्या कपाळाकडे, मग गालांकडे डोळे बारीक करून पाहिलं, उजेड कुठून येतो ते बघायला खिडकीकडे पाहिलं. “फोटो काढणारे जवळून काढणार, ते ठीक आहे. पण माणसं? स्टेजपासून पहिली खुर्ची किती फुटांवर आहे?”